वारा अडवा, ऊब राखा

दिवाळी सरते. रानात हरभरा वर येतो. उसाची तोड सुरू होते. आणि एके पहाटे अंगावरची एक गोधडी पुरेनाशी होते. मग समजावे, थंडी राहात्याला आली.

थंडी आली म्हणून पोटापाण्याची कामे थांबत नाहीत. पहाटे चार-साडेचारपासून आपल्या गावात मोटारसायकलींचे आवाज सुरू होतात. कोणी शिर्डीला निघालेला असतो. गर्दी व्हायच्या आत त्याला फुलांचे दुकान लावायचे असते, नाहीतर हॉटेलातली पाळी धरायची असते. कोणी दुधाचे कॅन लावून डेअरीवर निघतो. कोणी लोणीच्या बाजूला कारखान्याच्या पाळीवर जातो. या सगळ्यांची तक्रार एकच असते. "गुर्जी, दोन-दोन स्वेटर घातले तरी हुडहुडी काही जात नाही. काय करावं?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्याला फारसे पैसेही लागत नाहीत. पण ते मला फार महागात शिकावे लागले. ती हकीकत आधी सांगतो.

एका शनिवारची गोष्ट

साल १९९१. जानेवारी महिना. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शाळा राहात्यापासून अठरा किलोमीटरवर होती. शनिवारी शाळा सकाळची असे. साडेसातला घंटा. म्हणून साडेसहालाच मी मोटारसायकल काढली. मागे माझे एक सहकारी गुरुजी बसले होते. अजून अंधार होता. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, पायात चपला. हात उघडेच.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर बोटे दुखू लागली. मला वाटले, होईल सवय. आणखी थोडे गेल्यावर दुखणे थांबले. मी मनात म्हटले, चला, बरे झाले. पण ते बरे झाले नव्हते. बोटे बधिर झाली होती. त्यांना आता काही कळतच नव्हते.

पुढे एक वळण होते. वळणापलीकडे उसाची बैलगाडी चालली होती. तिला मागे दिवा नव्हता. ती मला दिसली, वेळेवर दिसली. मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटले की मी दाबला. खरे पाहता बोटे ब्रेकच्या दांडीवर नुसती टेकली होती. ती वळली नाहीत. पायाचीही तीच गत. चपलेतला गार पाय पेडलवर नीट बसला नाही. मी गाडी बाजूला घातली आणि आम्ही दोघे चारीत पडलो.

माझे मनगट मोडले. ते सहा आठवड्यांत जोडले गेले. सोबतच्या गुरुजींचा पाय गुडघ्याखाली मोडला. ते पुढे कायम थोडे लंगडत चालत. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारचे दूधवाले काका भेटायला आले. त्यांनी वीस वर्षे त्या रस्त्याने पहाटे दूध वाहिलेले. ते म्हणाले, "गुर्जी, दोन स्वेटर घालून काय उपेग? स्वेटर म्हणजे चाळणी. वारं आत शिरतंय ना! आधी वारं अडवा. मंग ऊब आपोआप राहती." मग त्यांनी सदऱ्याच्या आतून घडी केलेले वर्तमानपत्र काढून दाखवले. छातीवर चार पाने ठेवून ते रोज गाडीवर बसत.

मी शिकलेला माणूस. शाळेत विज्ञान शिकवणारा. आणि जे मला सुचले नाही ते त्या काकांनी एका वाक्यात सांगितले. पुढे मी त्याचे कारण शोधले. तेच आता तुम्हांला सांगतो.

शरीर म्हणजे चूल

आपले शरीर म्हणजे एक चूल आहे. आपण खातो ते अन्न म्हणजे तिचे सरपण. ही चूल आतून आपल्याला सुमारे ३७ अंश सेल्सिअस इतके गरम ठेवते. बाहेर गारवा असला की ही ऊब अंगातून बाहेर जाऊ लागते. अंगालगतची हवा त्या उबेने थोडी कोमट होते. ती हवा हलली नाही, तर तीच पांघरुणासारखे काम करते.

पण वारा आला की काय होते? ही कोमट हवा उडून जाते. तिच्या जागी नवी गार हवा येते. शरीर तिलाही गरम करू लागते, तोवर तीही उडून जाते. चहा गार व्हावा म्हणून आपण बशीवर फुंकर मारतो ना? तसाच हा प्रकार. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला वारा जणू सारखी फुंकर मारत असतो.

आता तुम्ही म्हणाल, "पहाटे तर वारा पडलेला असतो. झाडाचे पानही हलत नाही." बरोबर. पण गाडी पळते ना! गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने पळाली, की तितक्याच वेगाचा वारा तुमच्या छातीवर येतो. तो वारा तुम्ही स्वतःच तयार केलेला असतो.

या गोष्टीचा अभ्यास फार दूर झाला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल हे दोन अमेरिकन संशोधक १९४१ साली दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिका खंडावर होते. तिथे बाराही महिने बर्फ. त्यांनी लहान नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर वाऱ्यात टांगले आणि किती वेळात ते गोठते हे मोजले. वारा जितका जोराचा, तितके पाणी लवकर गोठले. त्यावरून वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचा हिशेब मांडण्याची सुरुवात झाली. २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी तो हिशेब सुधारून घेतला.

त्या सुधारलेल्या हिशेबाने आपल्याकडचे पाहू. समजा, पहाटे पारा ८ अंशांवर आहे. तुम्ही ताशी ४० किलोमीटरने निघालात. तर तुमच्या उघड्या चेहऱ्याला आणि हाताला थंडी अशी लागते, की जणू पारा २-३ अंशांवर आहे. थर्मामीटर मात्र आठच दाखवील. कारण थर्मामीटरमध्ये ऊब तयार होत नाही. त्यामुळे वाऱ्याला चोरायला तिथे काही नसते. ऊब चोरली जाते ती जिवंत माणसाची.

पहाटेच का, आणि ओढ्यापाशीच का?

दिवसभर जमीन उन्हाने तापते. रात्री ती ही ऊब आकाशात सोडत राहते. आभाळ असले तर ढग पांघरुणासारखे काम करतात. आभाळ निरभ्र असले तर ऊब सरळ निघून जाते. म्हणून चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री थंडी जास्त. जमीन रात्रभर गार होत जाते. म्हणून सगळ्यांत जास्त गारठा सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो. नेमक्या त्याच वेळी आपली माणसे रस्त्यावर असतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही अनुभवली असेल. रस्ता ओढ्यात उतरला की एकदम गार झुळूक लागते. चढ चढून वर आले की बरे वाटते. याचे कारण असे, की गार हवा जड असते. ती पाण्यासारखी खोलगट जागी जाऊन साठते. कालव्याकाठी आणि भिजवलेल्या उसाच्या रानात हवेत ओलही असते. तिथे धुके धरते. गोदावरीच्या कालव्यांनी आपला भाग हिरवा केला, पण पहाटेच्या गाडीवाल्याने तिथे जरा जपून जावे.

अंगावर काय घालावे?

आपल्या आजीने शिवलेली गोधडी आठवा. ती गरम का असते? जुन्या लुगड्यांचे ते थर. थरांच्या मध्ये हवा कोंडलेली असते. ऊब धरते ती ही कोंडलेली हवा. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन साधे कपडे बरे. त्यांचा क्रम असा ठेवा.

पहिला थर अंगालगतचा. तो कोरडा हवा. घामाने ओला झालेला सुती बनियन अंगाला चिकटला की तोच गार पडतो. घरून निघताना कोरडा बनियन घाला.

दुसरा थर उबेचा. इथे स्वेटर घाला. लोकरीचा असेल तर उत्तम. आपल्याकडचे मेंढपाळ घोंगडीची खोळ करून पावसात आणि थंडीत रानात उभे राहतात, ते उगीच नाही. १ किलो लोकर सुमारे ३०० ग्रॅम ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. थोडी भिजली तरी ती ऊब धरून राहते. पण एक ध्यानात ठेवा. घोंगडी किंवा शाल नुसती पांघरून गाडीवर बसू नका. ती उडते आणि चाकात जाते.

तिसरा थर वारा अडवण्याचा. बहुतेक लोक चुकतात ते इथेच. विणलेल्या स्वेटरला बारीक भोके असतात. त्यांतून वारा आत शिरतो. म्हणून स्वेटरच्या वर असे काहीतरी हवे की ज्यातून वारा जाणार नाही. विंडचीटर असेल तर छानच. नसेल तर पावसाळ्यात वापरलेला रेनकोट कुठे आहे तो शोधा. दसरा झाला की आपण तो माळ्यावर टाकतो. तो खाली काढा आणि स्वेटरवर चढवा. एका स्वेटरवर रेनकोट घातला, तर तो दोन स्वेटरांना भारी पडतो. कामावर पोचल्यावर मात्र लगेच काढून ठेवा, म्हणजे आत घाम धरणार नाही.

आणि रेनकोटही नसेल तर? मग दूधवाल्या काकांचा उपाय. वर्तमानपत्राची चार-पाच पाने घ्या. गळ्यापासून पोटापर्यंत येतील अशी सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये ठेवा. कागदातून वारा जात नाही. पानांच्या मध्ये हवाही कोंडते. हा उपाय फक्त आपल्याच गावचा नाही बरं का. फ्रान्स देशात 'टूर द फ्रान्स' नावाची सायकलींची मोठी शर्यत होते. त्यात स्वार डोंगर चढून माथ्यावर आले की वाटेत उभ्या असलेल्या लोकांकडून वर्तमानपत्र घेत आणि उतार लागायच्या आत सदऱ्यात कोंबत. फ्रान्सचा स्वार आणि राहात्याचा दूधवाला, दोघांनाही एकच गोष्ट अनुभवाने कळली.

हात-पाय सर्वांत आधी

फार थंडी वाजली की शरीर हिशेब करते. काळीज, मेंदू, फुप्फुसे ही महत्त्वाची. त्यांच्याकडे ऊब राखायची म्हणून शरीर हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. घरात सरपण कमी पडले की आपण पडवीतली शेकोटी विझवतो आणि स्वयंपाकघरातली चूल चालू ठेवतो, तसेच हे. शरीराच्या दृष्टीने ते शहाणपण आहे. पण गाडी चालवणाऱ्याचे सगळे काम हाताने आणि पायाने चालते. ब्रेक, क्लच, गिअर हे सारे त्यांच्याच हाती. बोटे बधिर झाली म्हणजे गाडी आपल्या ताब्यात राहिली नाही.

ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे एका सेकंदाला ११ मीटर. बोटे वळायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. जवळजवळ दोन बैलगाड्यांची लांबी! आणि थंडीचे दिवस हेच उसाच्या हंगामाचे दिवस. रस्त्यावर बैलगाड्या असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. काहींना मागे लाल चकत्या असतात, काहींना नसतात.

म्हणून हातमोजे घालाच. ते घट्ट नकोत. घट्ट मोज्याने रक्त अडते आणि बोटे जास्त गार पडतात. लोकरीचे मोजे असतील तर त्यांवरून वारा अडवणारे दुसरे मोठे मोजे चढवा. बाजारात हँडलवर बसणारी रेग्झिनची कव्हरेही मिळतात. काहीही वापरा, पण घरासमोर उभ्या गाडीवर ब्रेक आणि क्लच चार वेळा दाबून पाहा. हात सहज फिरला पाहिजे.

पायात चप्पल नको. मोजे आणि बूट घाला. गुडघ्यांवरही वारा सरळ येतो. तिथे जाड पँट हवी.

डोक्याला हेल्मेट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते सक्तीचे आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण हेल्मेट कानाला, कपाळाला ऊबही देते. आतून जाड मफलर गुंडाळू नका. हेल्मेट डोक्यावर सैल बसते आणि पडल्यावर निसटते. पातळ कानटोपी घाला. काचेवर वाफ धरली तर काच बोटभर उघडी ठेवा. गळ्याभोवतीच्या मफलरची टोके आत खोचा. मागे बसणाऱ्या भगिनींनी पदर आणि ओढणी आवरून घट्ट खोचावी. लोंबता पदर चाकात गेल्याने अनर्थ झाले आहेत.

काय खावे, काय टाळावे?

चूल पेटती हवी तर सरपण हवे. उपाशीपोटी निघू नका. भाकरीचा तुकडा, गूळ-शेंगदाणे, कपभर गरम चहा, काहीतरी पोटात असू द्या. संक्रांतीला आपण तीळ-गूळ खातो, बाजरीची भाकरी खातो. जुन्या लोकांनी ते थंडी पाहूनच ठरवले असावे.

काही लोक म्हणतात, "घोटभर दारू घेतली की थंडी पळते." हे साफ खोटे आहे. दारूने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात. आतले गरम रक्त कातडीकडे धावते. म्हणून क्षणभर गरम वाटते. पण ती ऊब बाहेर निघून जाते आणि शरीर आतून अधिक गार होते. शिवाय दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. विडी-सिगारेटनेही बोटांतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. बोटे आणखी गार पडतात.

सायलेन्सरवर हात शेकू नका. बधिर हाताला चटका कळत नाही. आणि गाडी गरम व्हावी म्हणून बंद पडवीत किंवा खोलीत ती चालू ठेवू नका. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आत तो घात करतो.

लेकरे आणि म्हातारी माणसे

गाडी चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसलेल्याला वारा थोडा कमी लागतो. पण पुढे टाकीवर बसवलेल्या लेकराला तो सगळा लागतो. लेकराचे अंग लहान, त्यातली ऊबही लवकर जाते. आणि ते सांगतही नाही. गप्प बसते, पेंगते. आपण समजतो, झोप आली. म्हणून थंडीत लेकराला पुढे बसवू नका. २०२३ पासून नियमच आहे, की नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. म्हाताऱ्या माणसांना थंडी लवकर बाधते. दवाखान्यात न्यायचे असेल आणि घाई नसेल, तर ऊन पडल्यावर न्या.

कधी थांबावे?

बोटे दुखू लागली की ती पहिली सूचना समजा. दुखायचे थांबले आणि बोटे बधिर झाली, तर ती शेवटची सूचना. मी फसलो तो इथेच. त्या वेळी गाडी बाजूला घ्या. बोटे काखेत धरा. चहाच्या टपरीवर दहा मिनिटे बसा. बधिर हात एकदम आगीवर धरू नका, भाजेल. बोटे मोकळी वळू लागली की मग निघा.

सोबतचा माणूस थरथरत असेल, शब्द अडखळत असतील, तो गुंगीत गेल्यासारखा वाटत असेल, तर पुढे जाऊ नका. त्याला आडोशाला न्या. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घाला. शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी पाजा आणि डॉक्टरांना दाखवा.

वेगाबद्दलही एक शब्द. वेग ६० वरून ४० वर आणला तर थंडी थोडीच कमी होते. पण गाडी थांबायला लागणारे अंतर पुष्कळ कमी होते. म्हणून घरून दहा मिनिटे आधी निघा.

शेवटी

आता मी निवृत्त आहे. पहाटे गाडी काढायची वेळ येत नाही. पण थंडी पडली की मनगट ठणकते आणि तो शनिवार आठवतो. त्या दिवशी घरात रद्दी होती. खुंटीला रेनकोट टांगलेला होता. ट्रंकेत हातमोजे होते. सगळे होते. फक्त 'आधी वारा अडवावा' एवढे ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर दोन माणसे धड शाळेत पोचली असती.

तुमच्या घरातून उद्या पहाटे कोणी गाडीवर निघणार असेल, तर आज रात्रीच तीन वस्तू दारापाशी काढून ठेवा. रेनकोट, हातमोजे आणि हेल्मेट. आणि हा धडा त्याला वाचून दाखवा.

एवढे लक्षात ठेवा

१. आधी वारा अडवा, मग ऊब धरा.
२. अंगावर तीन थर घाला. वरच्या थरातून वारा जाता कामा नये.
३. हात उघडे ठेवू नका. बधिर बोटे ब्रेक दाबत नाहीत.
४. पदर, ओढणी, मफलर खोचून बसा.
५. दारूने ऊब येत नाही, ऊब जाते.
६. बोटे बधिर झाली की थांबा. दहा मिनिटे उशीर झालेला चालतो.